परीक्षा हाताची की डोक्याची?

एक हात डोळ्यांसमोर आणा. तो शर्टाची बटणं लावतो, कुलपात किल्ली फिरवतो, वाटाण्याच्या शेंगा सोलतो, मोबाइलवर सरसर बोटं चालवतो. आता त्याच हातात पेन द्या. एखादी ओळ होते न होते तोच बोटं आवळू लागतात, मनगट वाकडं होतं, पेन कागदात रुततं आणि अक्षराचा पार बट्ट्याबोळ होतो. पेन खाली ठेवलं की तोच हात पुन्हा शहाण्यासारखा वागू लागतो!

हाड मोडलेलं नाही, स्नायू वाळलेला नाही, नस तुटलेली नाही. मग बिनसलं कुठे? मेंदूत. पेन धरताना बोट वाकवणारे स्नायू आवळावे लागतात आणि त्याच क्षणी बोट ताठ करणारे स्नायू सैल सोडावे लागतात. बैलगाडीचे कासरेच म्हणा ना. एक ओढायचा तर दुसरा ढिला सोडायचा. या आजारात मेंदू दोन्ही कासरे एकदम ओढतो, आणि तेही फक्त लिहिताना. बैलांनी जायचं कुठे?

डॉक्टर याला 'रायटर्स क्रॅम्प' म्हणतात. कामगारांच्या आजारांचा अभ्यास सुरू करणारे इटालियन वैद्य बर्नार्डिनो रामाझिनी यांनी १७१३ साली लेखनिकांच्या अशा दुखण्यांबद्दल लिहून ठेवलं आहे. त्यांच्या ओळखीच्या एका नोटरीचा उजवा हात लिहून लिहून निकामी झाला. गडी चिकट. त्यानं डाव्या हातानं लिहायचा सराव केला, तर थोड्याच दिवसांत डाव्या हातानंही तोच रोग धरला!

म्हणजे हा मुळात लेखनिकांचा आजार. आता नियतीची गंमत बघा. तीनशे वर्षांनी भारतात या आजारावरून एक खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला, आणि त्यात मागितलेला उपाय काय होता? लेखनिक.

गोष्ट २०१८ सालची. एमबीबीएस झालेला एक तरुण केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या नागरी सेवा परीक्षेचा अर्ज भरतो. वैद्यकशास्त्राची पदवी मिळवलेलं डोकं आहे, पण हातात 'रायटर्स क्रॅम्प' आहे. तो म्हणतो, मी उत्तरं सांगतो, लिहायला लेखनिक द्या. आयोग म्हणतो, नियमात बसत नाही. लेखनिक मिळणार तो दृष्टिहीन उमेदवारांना आणि हालचालींचं अपंगत्व किंवा सेरेब्रल पाल्सी असलेल्यांना. त्यांतही अपंगत्व किमान ४० टक्के हवं. तुमचा आजार या यादीत नाही.

प्रशासकीय न्यायाधिकरणानं अर्ज फेटाळला, दिल्ली उच्च न्यायालयानंही फेटाळला.

इथे जरा थांबू या, कारण या साध्या वाटणाऱ्या भांडणाच्या तळाशी एक जबरदस्त प्रश्न दडला आहे. परीक्षा नेमकं काय मोजते? नागरी सेवा परीक्षेला अक्षर मोजायचंय की अक्कल? उमेदवाराला राज्यघटना कळते का, दुष्काळाचं नियोजन समजतं का, हे तपासायचं असेल, तर पेन हे फक्त मापाचं भांडं झालं. दूध मोजायला घेतलेल्या भांड्यालाच भोक असेल आणि दूध कमी भरलं, तर आपण गवळ्याला दोष देतो की भांडं बदलतो?

आता त्या ४० टक्क्यांकडे वळू. अपंगत्व टक्क्यांत मोजतात हे आपल्याला दिव्यांगत्व प्रमाणपत्रामुळे माहीत असतं. पण हे टक्के येतात कुठून? कान, डोळे, हात, पाय, प्रत्येकाची मोजायची रीत वेगळी आहे आणि ती सरकारी मार्गदर्शक सूचनांत दिलेली आहे. खरी मौज पुढे आहे. एकाच माणसाला दोन व्यंगं असतील तर? समजा, एकाचे २० टक्के आणि दुसऱ्याचे २० टक्के. बेरीज करा. चाळीस म्हणालात? चूक!

बेरीज अशी करतातच मुळी नाही. त्यासाठी सूत्र आहे: मोठा आकडा 'अ', लहान 'ब', तर एकूण बरोबर अ + ब × (९० − अ) ÷ ९०. वीस आणि वीस या सूत्रात घालून पाहा. उत्तर येतं साधारण साडेपस्तीस. यातला तर्क सेलच्या दुकानात भेटतो. साडीवर २० टक्के सूट आणि वर आणखी २० टक्के सूट म्हणजे ४० टक्के सूट होत नाही, कारण दुसरी सूट उरलेल्या किमतीवर बसते. इथेही दुसरं व्यंग उरलेल्या क्षमतेवर मोजलं जातं. हिशेब चोख आहे. पण परिणाम बघा: दोन-दोन व्यंगं घेऊन जगणारा माणूस ४० च्या रेषेखाली राहतो!

रेषा कुठेतरी आखावीच लागते, हे खरं. नोकरीतलं ४ टक्के आरक्षण, उच्च शिक्षणातलं ५ टक्के आरक्षण कोणाला द्यायचं हे ठरवायला आकडा लागतो. प्रश्न एवढाच की ही रेषा लेखनिकालाही लावायची का?

याचं उत्तर २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यात दडलेलं होतं, आणि ते शोधणं हे वकिलांचं आणि न्यायमूर्तींचं काम होतं. १९९५ च्या जुन्या कायद्यात अपंगत्वाचे सात प्रकार होते. २०१६ च्या कायद्यानं ते २१ केले. ॲसिड हल्ल्यानं झालेली इजा आली, पार्किन्सन्स आला, स्वमग्नता आली, वाचन-लेखनाची अडचण असलेली अध्ययन अक्षमता आली. पण आकड्यापेक्षा मोठं नवल व्याख्येत आहे. कायदा दोन वर्तुळं काढतो. आतल्या लहान वर्तुळात ४० टक्के किंवा त्याहून अधिक अपंगत्व असलेले लोक. बाहेरच्या मोठ्या वर्तुळात दीर्घकाळची शारीरिक, मानसिक, बौद्धिक किंवा ज्ञानेंद्रियांची उणीव असलेली कोणतीही व्यक्ती, जिला भोवतालच्या अडथळ्यांमुळे समाजात बरोबरीनं वावरता येत नाही. या मोठ्या वर्तुळाच्या व्याख्येत टक्के नाहीत.

ते 'अडथळ्यांमुळे' पुन्हा वाचा. व्याख्येनं केवढी उडी मारली आहे! पूर्वी अपंगत्व शरीरात राहायचं. आता ते शरीर आणि जिना यांच्या मधल्या जागेत राहतं. चाकाची खुर्ची वापरणारी बाई उतारावरून सरळ आत जाते आणि पायऱ्यांपाशी अडते. बाई तीच, पाय तेच. बदललं काय? इमारत.

मग या अडथळ्यांचं करायचं काय? इथे कायदा दोन शब्द वापरतो, 'रीझनेबल अकोमोडेशन'. मराठीत आपण 'वाजवी सोय' म्हणू. सोय हा आपल्या घरातला शब्द आहे. ती समजायला कायद्याचं पुस्तक नको, लग्नाची पंगत पुरे.

पंगत जमिनीवर बसली आहे. गुडघे दुखणाऱ्या आजोबांना मांडी घालता येत नाही. काय करतो आपण? कडेला टेबल-खुर्ची मांडतो. पान तेच, वाढप तेच. खुर्चीवर बसले म्हणून त्यांना चार जिलब्या जास्त वाढत नाहीत, आणि शेजारचा पाहुणा 'आजोबांना सवलत मिळाली' अशी कुरकुरही करत नाही. ही झाली सोय. आता आजोबा म्हणाले, अख्खी पंगत उठवा आणि माझ्या घरी नेऊन वाढा, तर ते वाजवी राहत नाही. कायदाही हेच सांगतो: आवश्यक तो बदल करा, मात्र तो करणाऱ्यावर अवाजवी बोजा पडू नये. आणि वाजवी सोय नाकारली, तर तो भेदभावच समजला जाईल.

शेजारीच आणखी एक बारीक फरक आहे. कार्यालय बांधतानाच उतार आणि लिफ्ट करून ठेवणं म्हणजे सुगम्यता. कोण येणार हे माहीत नसताना, सगळ्यांसाठी आधीच केलेली तयारी. आलेल्या पाहुण्याची अडचण विचारून त्याच्यासाठी खुर्ची मांडणं म्हणजे वाजवी सोय. २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयानं हा फरक नीट मांडून दाखवला आणि सुगम्यतेचे किमान नियम सक्तीचेच असले पाहिजेत, असं सरकारला बजावलं.

पण 'वाजवी सोय' हे दोन शब्द आले कुठून? दिव्यांगांच्या चळवळीतून, असं वाटतं ना? त्यांचा जन्म शनिवारच्या सुट्टीत झाला!

अमेरिकेत १९६४ च्या नागरी हक्क कायद्यानं नोकरीत धर्मावरून भेदभाव करायला बंदी घातली. लगेच पेच पडला. काही ज्यू आणि काही ख्रिस्ती पंथ शनिवारी काम करत नाहीत. कारखाना तर शनिवारी चालतो. मग १९६७ मध्ये तिथल्या रोजगार आयोगानं मालकांना सांगितलं की कामगाराच्या धार्मिक गरजांसाठी 'वाजवी सोय' करा, धंद्याला अवाजवी त्रास होत नसेल तर. १९७२ मध्ये हे थेट कायद्यात घालण्याची दुरुस्ती मांडली सिनेटर जेनिंग्ज रँडॉल्फ यांनी. ते स्वतः शनिवार पाळणाऱ्या बॅप्टिस्ट पंथाचे होते. आणि हेच रँडॉल्फ १९३६ मध्ये, दृष्टिहीनांना सरकारी इमारतींत विक्रीचे स्टॉल चालवू देणाऱ्या कायद्याचे एक कर्ते होते. एका माणसाच्या आयुष्यात दोन धागे शेजारी-शेजारी चालत होते. त्यांची गाठ अजून पडायची होती.

१९७३ मध्ये अमेरिकेत पुनर्वसनाचा एक कायदा झाला. त्याच्या शेवटाकडे, ५०४ क्रमांकाच्या कलमात, सिनेटच्या कर्मचाऱ्यांनी एक वाक्य घातलं होतं: सरकारी पैसा घेणाऱ्या कोणत्याही उपक्रमात अपंगत्वामुळे भेदभाव करता येणार नाही. फारशी चर्चाही झाली नाही. एक वाक्य, आणि त्यात शाळा, कॉलेजं, दवाखाने, बस सगळं आलं! सरकारच्या लक्षात आलं तेव्हा ते दचकलं. वाक्य अमलात आणायचे नियम चार वर्षं रखडले.

मग ५ एप्रिल १९७७ रोजी सॅन फ्रान्सिस्कोच्या सरकारी इमारतीत सुमारे दीडशे लोक शिरले आणि बाहेर पडायलाच तयार होईनात. कोणी चाकाच्या खुर्चीत, कोणी दृष्टिहीन, कोणी कर्णबधिर. पुढारीण होती ज्युडिथ ह्युमन. लहानपणी पोलिओ झालेल्या या बाईला पाचव्या वर्षी शाळेनं दार बंद केलं होतं, कारण तिची खुर्ची म्हणे आग लागली तर धोक्याची! मोठी होऊन तिनं न्यूयॉर्कच्या शिक्षण मंडळावर खटला भरून शिक्षिकेचा परवाना मिळवला होता.

इमारतीतले फोन तोडले गेले. आता बाहेरच्यांशी बोलायचं कसं? कर्णबधिर आंदोलक खिडकीशी उभे राहिले आणि खालच्या लोकांशी हातांनी, खाणाखुणांच्या भाषेत बोलू लागले. ज्यांचं बोलणं जगाला 'अपुरं' वाटत होतं, तेच त्या दिवशी सगळ्यांचा टेलिफोन झाले! औषधं गार ठेवायला फ्रिज नव्हता, तर वातानुकूलन यंत्राला खोका चिकटवून त्याचा फ्रिज केला. ब्लॅक पँथर पक्षाचे कार्यकर्ते रोज गरम जेवण आणत. तीन आठवड्यांहून अधिक काळ हे चाललं. २८ एप्रिलला मंत्र्यांनी नियमांवर सही केली, आणि त्या नियमांत होते तेच दोन शब्द: वाजवी सोय. शनिवारच्या सुट्टीसाठी शिवलेला अंगरखा आता दुसऱ्याच अंगाला चपखल बसला होता.

याच सुमारास, १९७५ मध्ये, अमेरिकेनं प्रत्येक दिव्यांग मुलाला मोफत आणि 'योग्य' शिक्षण देण्याचा कायदाही केला. योग्य म्हणजे किती? हा प्रश्न १९८२ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयात पोचला, आणि ती सुनावणी नाट्यमय ठरली. खटला एका कर्णबधिर मुलीचा. तिचे आईवडीलही कर्णबधिर. वर्गात खाणाखुणांचा दुभाषी हवा, एवढी त्यांची मागणी. त्यांचे वकील मायकेल चॅटॉफ स्वतः कर्णबधिर. न्यायमूर्तींचे प्रश्न त्यांना ऐकू कसे येणार? न्यायालयानं पहिल्यांदाच यंत्राला आत येऊ दिलं. बोललेला शब्द न् शब्द तिथल्या तिथे टंकला जाऊन वकिलांसमोरच्या पडद्यावर उमटत होता.

निकाल काय लागला असेल? मुलगी हरली! सहा विरुद्ध तीन. बहुमतानं म्हटलं, ती पास होते आहे, वरच्या वर्गात जाते आहे, म्हणजे शिक्षण पुरेसं आहे. वेगळं मत देणाऱ्यांनी दाखवून दिलं की वर्गात बोललेलं निम्म्याहून कमी तिच्यापर्यंत पोचतं. जी सोय वकिलाला खटला लढायला मिळाली, तशी सोय मुलीला शाळा शिकायला मिळाली नाही. पुढे २०१७ मध्ये, त्या सुनावणीनंतर जवळपास पस्तीस वर्षांनी, त्याच न्यायालयानं पट्टी उंचावली: नुसतं पुढे ढकलणं पुरत नाही, मुलाच्या परिस्थितीचा विचार करून त्याला महत्त्वाकांक्षी ठरेल असं ध्येय द्यायला हवं. या वेळी आठही न्यायमूर्तींचं एकमत होतं.

'वाजवी सोय' मात्र थांबली नाही. १९९० च्या अमेरिकी कायद्यातून ती १३ डिसेंबर २००६ रोजी संयुक्त राष्ट्रांच्या दिव्यांग हक्कांच्या करारात आली. ३० मार्च २००७ ला हा करार सह्यांसाठी खुला झाला आणि पहिल्याच दिवशी ८२ सह्या पडल्या. संयुक्त राष्ट्रांच्या कोणत्याही कराराला पहिल्या दिवशी एवढ्या सह्या कधी मिळाल्या नव्हत्या. त्यांत एक भारताची होती. कराराला शोभेल असा कायदा करणं आता आपल्यावर आलं. तो २०१६ मध्ये झाला, १९ एप्रिल २०१७ पासून लागू झाला, आणि त्यातून ते दोन शब्द आपल्या 'रायटर्स क्रॅम्प'वाल्या डॉक्टरच्या हाती लागले.

११ फेब्रुवारी २०२१. सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला. न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूड यांनी लिहिलेल्या या निकालानं ती दोन वर्तुळं वेगळी करून दाखवली. ४० टक्क्यांची रेषा आरक्षणासारख्या लाभांसाठी आहे. वाजवी सोय मोठ्या वर्तुळातल्या प्रत्येकाचा हक्क आहे. लेखनिक ही सोय आहे, म्हणून टक्के विचारू नका, अडचण विचारा. आणि अडचण माणसागणिक वेगळी असते, म्हणून समोरच्याशी बोला. छापील तक्त्यात बोट घालून 'बसत नाही' म्हणणं आता चालणार नव्हतं. सरकारनं तीन महिन्यांत नियम करावेत असं न्यायालयानं सांगितलं. नियम आले १० ऑगस्ट २०२२ रोजी. सरकारी तीन महिनेही एका वेगळ्या सूत्रानंच मोजत असावेत!

या निकालानंतरची वर्षं पाहिली तर एकेक गाठ कशी सुटत गेली ते बघण्यासारखं आहे.

पहिली गाठ वेळेची. लिहायला अडचण असलेल्या उमेदवारांना तासाला किमान २० मिनिटं जादा मिळावीत असा नियम आहे, म्हणजे तीन तासांच्या पेपरला एक तास. १२ सप्टेंबर २०२१ च्या 'नीट' परीक्षेत लेखन-अक्षमता असलेल्या एका मुलीला हा तास मिळालाच नाही. बाकीच्यांबरोबर तिचीही उत्तरपत्रिका ओढून घेतली. ती मुंबई उच्च न्यायालयात गेली, मग सर्वोच्च न्यायालयात. लाखो मुलांची परीक्षा झाली होती, एकीसाठी काय करणार, असा सूर होता. न्यायालयानं फेरपरीक्षा दिली नाही, पण परीक्षा घेणाऱ्या संस्थेला बजावलं की लाखोंच्या गर्दीत एकाच मुलीवर झालेला अन्यायही अन्यायच असतो, त्याची भरपाई कशी करणार ते एका आठवड्यात ठरवा.

दुसरी गाठ तर अशी की हसावं की रडावं कळू नये. वैद्यकीय प्रवेशात दिव्यांगांना आरक्षण हवं तर अपंगत्व किमान ४० टक्के लागतं. पण वाचेचं अपंगत्व ४० टक्के किंवा जास्त असेल, तर एमबीबीएसला प्रवेशच नाही, असाही नियम होता. म्हणजे ज्या पायरीवर आरक्षणाचं दार उघडतं, त्याच पायरीवर कॉलेजचं दार बंद! वाचेचं ४४-४५ टक्के अपंगत्व असलेला महाराष्ट्रातला एक विद्यार्थी या सापळ्यात सापडला. मुंबई उच्च न्यायालयाकडून तातडीनं दिलासा मिळाला नाही, तेव्हा तो दिल्लीला गेला. सर्वोच्च न्यायालयानं त्याला वैद्यकीय मंडळापुढे पाठवलं, पण प्रश्न बदलून: किती टक्के, हे विचारू नका; हा अभ्यासक्रम पुरा करू शकेल का, ते सांगा. मंडळ म्हणालं, करू शकेल. १५ ऑक्टोबर २०२४ च्या निकालानं ठरवलं की नुसत्या आकड्यावरून कोणाला अपात्र ठरवता येणार नाही. त्यात सुधा चंद्रन यांच्या नृत्याची आणि बीथोव्हेनच्या संगीताची आठवण काढली आहे. टक्के मोजून दारातून परत पाठवलं असतं, तर जग किती गोष्टींना मुकलं असतं!

तिसरी गाठ पुन्हा हाताची. २०२५ च्या फेब्रुवारीत दोन निकाल आले. एका निकालानं, बँक परीक्षेला बसलेल्या आणि हाताच्या अशाच आजारानं त्रासलेल्या उमेदवाराच्या खटल्यात, लेखनिकाची सोय सर्व दिव्यांगांपर्यंत पोचवा असं सांगितलं. दुसऱ्यानं वैद्यकीय प्रवेशासाठी 'दोन्ही हात शाबूत' हवेत ही अट मोडीत काढली. डॉक्टर व्हायला दोन हात लागतात हे कोणी ठरवलं? मानसोपचारतज्ज्ञ निदान करतो ते काय मुठीनं?

मार्च २०२५ मध्ये तर न्यायालयानं स्वतःच्याच घराचं दार उघडलं: दृष्टिहीन व्यक्तींना न्यायाधीश होण्यापासून रोखणारा नियम रद्द. त्याआधी, सप्टेंबर २०२३ मध्ये, सारा सनी या कर्णबधिर वकील दुभाष्याच्या मदतीनं खाणाखुणांच्या भाषेत सर्वोच्च न्यायालयात उभ्या राहिल्या होत्या. चॅटॉफ यांच्या पडद्यापासून इथवर यायला एकेचाळीस वर्षं लागली.

हे सगळं मोठ्या परीक्षांचं झालं. शाळेतल्या बाकावर यातलं काय पोचतं? २०१६ च्या कायद्याचं १७ वं कलम उघडा. जादा वेळ, लेखनिक, दुसऱ्या आणि तिसऱ्या भाषेतून सूट, ही नावं कायद्यात स्वच्छ लिहिली आहेत. हेडसरांच्या मर्जीवर सोडलेली नाहीत. ३१ वं कलम तर आणखी गोड आहे. शिक्षण हक्क कायद्यात मोफत शिक्षण ६ ते १४ वर्षांपर्यंत. ४० टक्के किंवा अधिक अपंगत्व असलेल्या मुलासाठी ते १८ वर्षांपर्यंत, आणि तेही जवळच्या शाळेत किंवा विशेष शाळेत, जिथे त्याला हवं तिथे. २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं विशेष शिक्षकांचं प्रमाणही घालून दिलं: प्राथमिक वर्गांत दहा विशेष मुलांमागे एक, वरच्या वर्गांत पंधरांमागे एक.

कलम आहे आणि शिक्षक नाही, असं पुष्कळ ठिकाणी दिसतं. पण कलम असल्यानं एक गोष्ट घडते. सहावीतल्या मुलाची आई शाळेत जाते तेव्हा तिला 'मॅडम, जरा सांभाळून घ्या' म्हणावं लागत नाही. ती 'सतराव्या कलमाप्रमाणे' असं म्हणू शकते. शाळेनं ऐकलं नाही तर पुण्यात दिव्यांग कल्याण आयुक्तांचं कार्यालय आहे, तिथे तक्रार करता येते. विनवणीची मागणी होते, ती अशी.

शेवटी परीक्षेच्या खोलीत जाऊ या. परीक्षेत बोलायला बंदी असते, मान वळवली तरी पर्यवेक्षक डोळे वटारतात. पण कोपऱ्यातल्या एका खोलीत दोघं जण शेजारी बसले आहेत आणि एक जण सारखा कुजबुजतो आहे. लेखनिक उमेदवारापेक्षा खालच्या इयत्तेतला असावा असा दंडक आहे, म्हणजे ज्ञान एकाचं आणि अक्षर दुसऱ्याचं, यात घोळ होत नाही. त्यामुळे 'प्रकाशसंश्लेषण' आलं की गाडी अडते. उमेदवार थांबतो, अक्षर अक्षर फोडून सांगतो. 'श'ला 'ल' जोडा, नाही, आधी 'संश्', मग 'ले'. लेखनिक खोडतो, पुन्हा लिहितो. घड्याळात जादाची वीस मिनिटं टिकटिकत असतात.

ती कुजबुज नीट ऐका. एका इटालियन नोटरीचा थकलेला हात, शनिवारची सुट्टी, खिडकीतून हातांनी बोलणारे लोक आणि दोन न्यायालयांतून परत पाठवलेला एक अर्ज, एवढं सगळं झालं तेव्हा कुठे त्या मुलाला ते अवघड जोडाक्षर मोठ्यानं सांगायची परवानगी मिळाली.